केंगल्यांचा वरगोबा

“कागदावर तो पडलेला न्हाई, मग मी कसा पडू?”

बहिरू केंगले हे बोलला त्या संध्याकाळी जांभूळवाडीच्या देवळापुढं अख्खं गाव उभं होतं आणि प्रत्येकाला त्याच्या तोंडून वेगळंच काहीतरी ऐकायचं होतं. भगताला नाव ऐकायचं होतं. चुलतभाऊ सावळेरामला ‘चुकलं’ एवढा एकच शब्द पुरला असता. बायकोला, कोंडाबाईला, त्यानं काहीच बोलू नये आणि मुकाट्यानं जेवायला घरी यावं असं वाटत होतं. बहिरूच्या बगलेत हिरवं रंगवलेलं घमेलं होतं, अंगावर तारेची जाळी होती, आणि चेहऱ्यावर शांतता अशी की जणू सगळं गाव दुसऱ्याच कुणाची तरी वाट पाहत थांबलंय.

जांभूळवाडी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहे. एसटी खालच्या फाट्यापर्यंत येते, तिथून वर चालायचं. भाताची खाचरं, त्यांच्या वर उतारावर नाचणी आणि वरई, त्यांच्याही वर हिरड्याची झाडं आणि मग नुसता कडा. चैत्रात भैरवनाथाची यात्रा भरते आणि यात्रेत सोंगं निघतात. आसपासच्या गावांत सोंगं रात्री नाचतात. इथं दिवसा. कारण विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात की फार पूर्वी अंधारात नरसिंह खाचरात पडला आणि त्याचा पाय मोडला. तेव्हापासून देवांनी उजेडातच बाहेर पडायचं ठरवलं.

सोंगं घराघरांना वाटून दिलेली आहेत. गणपती एका घराचा, सरस्वती दुसऱ्याची, खरासुर तिसऱ्याचा. केंगल्यांची दोन घरं. थोरल्या घरात भैरवाचा वीर, धाकट्या घरात खरासुराचा शिपाई. वीर देवळाच्या दारातून येतो, शिपाई समोरच्या शाळेतून. ढोलावर दोघं रिंगणात फेऱ्या धरतात, वीर लाकडी तलवार उगारतो, शिपाई पडतो. आपला माणूस मेला म्हणून खरासुर चिडून बाहेर येतो आणि मग खरं युद्ध जुंपतं. म्हणजे युद्धाला सुरुवात व्हायला एक मुडदा लागतो आणि तो पुरवायचं काम धाकट्या घराकडं. बहिरूचा आजा पडत आला, बाप पडत आला. बाप तर असा पडायचा की बायका हळहळायच्या. थोरल्या घरातली पोरं अंगणात काठी उगारायला शिकायची आणि धाकट्या घरातली पडायला.

नियम थोडेच. मुखवट्याची गाठ बसली की ती सुटेपर्यंत माणसानं तोंडातून शब्द काढायचा नाही. एखाद्या घरानं एका वर्षी सोंग आणलं नाही तर त्याची जागा भावकीतल्या दुसऱ्या घराकडं जाते. आणि रिंगणात उतरण्याआधी भगत मुखवट्याला हळद लावतो. हळद लागली की सोंग ‘बसलं’. बसलेलं सोंग उठवायचा अधिकार कुणालाच नाही, खुद्द भगतालाही नाही.

या नियमांचा बहिरूला लहानपणी काही जाच नव्हता. तो उंच, हाडकुळा, कमी बोलणारा मुलगा. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकला आणि भात झोडून झालं की इतरांबरोबर नारायणगावला मजुरीला जाऊ लागला. तिथं सकाळी मजुरांचा बाजार भरतो. डोंगरातून आलेली माणसं रस्त्याच्या कडेला ओळीनं उभी राहतात, बागायतदार टेम्पो घेऊन येतात, हात-पाय बघून माणसं निवडतात. बाकीचे पुढं पुढं करायचे, ओरडायचे. बहिरू हाताची घडी घालून मागं उभा राहायचा.

“कुठला रं तू?” कुणी विचारायचं.

“लांबचा.”

“गावाला नाव हाय का न्हाई?”

“हाय की. पर तुमी ऐकलेलं नसंल.”

अशा उत्तरांनी काम मिळत नाही. पण त्याची उंची बघून टोमॅटोच्या तारा बांधायला कुणीतरी न्यायचंच.

एका सकाळी काम मिळालं नाही म्हणून त्यानं स्टँडजवळ भजी घेतली. भजी ज्या कागदात बांधून मिळाली तो रंगीत होता. तेल पुसून बघितलं तर चित्रांच्या गोष्टीचं एक पान. हिंदीतलं. वरची कड फाटलेली, त्यामुळं गोष्टीचं नाव कळायला मार्ग नव्हता. पानावर चार चौकोन. पहिल्या चौकोनात आभाळाला दारासारखं भोक पडलंय आणि त्यातून एक जण खाली उतरतोय. अंग हिरवं, कपाळावर तिसरा लाल डोळा, डोक्याला कोंबड्यासारखा तुरा आणि अंगभर चौकटी-चौकटीचं चिलखत. दुसऱ्या चौकोनात निळ्या कपड्यांतला, छाती फुगवलेला गोष्टीचा नायक त्याला विचारतो, कौन हो तुम? तिसऱ्यात तो सांगतो, “वर्गान. दूर से आया हूँ.” चौथ्यात नायकानं मूठ उगारलीय आणि वर्गान हाताची घडी घालून उभा आहे.

पान तिथं संपत होतं. पाठीमागं साबणाची जाहिरात होती.

बहिरूनं ते पान घडी करून खिशात ठेवलं. मूठ बसली का? तो पडला का? तो कुणाच्या बाजूचा? उगाच मारामारीत सापडलेला कुणी वाटसरू की कुणाच्या सैन्यातला? एवढ्या लांबून माणूस कशाला येतो? टोमॅटोच्या तारा बांधताना हे प्रश्न त्याच्या डोक्यात शांतपणे फिरत राहिले. त्याला उत्तराची घाई नव्हती. प्रश्नाची सोबत होती.

नव्वद सालानंतर खोडदच्या माळावर दुर्बिणीच्या अजस्र तबकड्या उभ्या राहायला लागल्या. ठेकेदाराला वर चढून तारा ओढणारी हलकी माणसं हवी होती. बहिरू गेला. तबकडी म्हणजे भरीव पत्रा असेल असं त्याला वाटलं होतं. जवळ गेल्यावर दिसलं, ती बारीक तारेची जाळी होती. चौकटी-चौकटीची. बहिरू पहिल्या दिवशी शिडीवर उभा राहून खिशातलं पान काढून बघत बसला आणि खालून मुकादमानं शिव्या घातल्या.

“काय रं, मोजमाप बघतो का नकाशात?”

“न्हाई. कपडा बघतोय.”

“कुनाचा?”

“हाय एक पावणा.”

दुर्बिणीवरच्या साहेबांना त्यानं एकदा विचारलं होतं की यातून वर कुणी दिसतं का. ते म्हणाले, दिसत नाही, ऐकू येतं. तेही माणसं नाहीत, नुसती खरखर. बहिरूला ते पटलं. डोंगरात रेडिओही तसाच लागायचा.

शहाण्णव साली फाल्गुनात बाप गेला. बहिरू ठेकेदाराला सांगून, कापून टाकलेल्या जाळीचे काही तुकडे मागून घेऊन, कायमचा वाडीला परतला. लग्न आधीच झालेलं होतं, मुलगी प्रतिभा रांगत होती. दिवस झाले, यात्रा तोंडावर आली, आणि त्यानं माळ्यावरून शिपायाचा लाकडी मुखवटा काढला. हातात धरला तसा तो भाकरीसारखा तुटला. आत किड्यांनी नुसता भुसा ठेवला होता.

सावळेराम तेवढ्यात आलाच. तो बहिरूपेक्षा मोठा, रुंद, मोठ्या आवाजाचा. भैरवाचा वीर त्याच्या अंगात बाराही महिने असायचा.

“मुखवटा न्हाई म्हंजी सोंग न्हाई, बहिऱ्या,” तो म्हणाला. “तू कशाला जिवाला लावून घेतो? यंदापासून शिपाई आमच्याच घरातून उभा करू. माझा सुन्या पडंल.”

“सुनील सात वर्साचा हाय, दादा.”

“मग लवकर पडंल.”

तो हसत गेला, पण बहिरूला हसू आलं नाही. धाकट्या घराकडं तेवढीच एक गोष्ट होती. पडण्याचीच का होईना, पण रिंगणात एक जागा होती. ती गेली तर यात्रेत त्यानं कुठं उभं राहायचं? शेंगदाणे खात गर्दीत?

यात्रेच्या आदल्या दोन दिवसांत त्यानं घमेल्याला छिन्नीनं डोळे पाडले. शाळेच्या दाराला मारून उरलेला हिरवा रंग दिला. जीपचा फुटका लाल रिफ्लेक्टर कपाळावर बसवला, वर पत्र्याचा तुरा. जाळी कापून अंगाएवढी केली आणि काठ तारेनं शिवले. कोंडाबाई दारात येऊन बघत राहिली.

“ह्ये काय केलंय?”

“शिपाई.”

“शिपायाला तीन डोळं?”

“लांबचा हाय.”

“आन् माझं घमेलं?”

“तेबी त्याच्यासंगं जानार.”

यात्रेच्या दिवशी हौशीराम भगत सोंगांना हळद लावत ओळीनं पुढं येत होता. वय झालेलं, नजर मंद. त्याची पद्धत अशी की तो घराचं नाव पुकारायचा, उत्तर आलं की अंगठा टेकायचा. मुखवटा कुणाचा आहे हे त्याच्या बापानं कधी तपासलं नव्हतं, त्यानंही नाही. घर आलं की सोंग आलं. वाडीत कुणी भलतंच काही घालून येईल हा विचारच कुणाच्या डोक्यात कधी आला नव्हता.

“केंगले धाकटे?”

गाठ बसलेली, त्यामुळं बहिरू बोलू शकत नव्हता. कोंडाबाई गर्दीतून ओरडली, “हाये बाबा!”

भगताचा अंगठा रिफ्लेक्टरवर जाऊन आपटला. “ह्ये काय मधी?”

“डोळा हाय बाबा त्यो!”

“मग ह्ये दोन?”

“तेबी डोळंच.”

भगत थोडा थांबला. मागं सोंगांची रांग होती, ऊन चढत होतं. “बरं, जरा वर लावतो,” तो म्हणाला आणि तुऱ्याखाली हळदीचं बोट ओढून पुढं गेला. सोंग बसलं.

ढोल सुरू झाला. सावळेराम वीराच्या मुखवट्यात देवळातून उड्या घेत आला. शाळेतून हिरवा, तीन डोळ्यांचा, उन्हात चकाकणारा शिपाई चालत आला. पोरं मागं सरली, मग पुढं आली. फेऱ्या झाल्या. वीरानं तलवार उगारली आणि शिपायाच्या खांद्यावर टेकवली.

शिपायानं हाताची घडी घातली.

ढोलवाल्यानं पडायची थाप दिली. पुन्हा दिली. सावळेरामनं तलवार दुसऱ्या खांद्यावर मारली, मग पोटावर, मग जरा जोरातच डोक्यावर. घमेलं घंटेसारखं वाजलं. गर्दीतून हसण्याचा एक लोट आला तो थांबेचना. शाळेच्या दारातून खरासुरानं डोकं बाहेर काढून बघितलं. शिपाई पडल्याशिवाय त्याला येता येत नव्हतं आणि गाठ बसलेली असल्यामुळं विचारताही येत नव्हतं. तो हातानंच विचारत राहिला, पडला का? गर्दी हातानंच सांगत राहिली, नाही. शेवटी उन्हात मुखवट्यामध्ये घुसमटून तो तसाच धावत बाहेर आला आणि युद्ध एकदाचं सुरू झालं. शिपाई बाजूला उभा राहून बघत होता.

संध्याकाळी जाब विचारला गेला आणि बहिरूनं ते वाक्य उच्चारलं. मग खिशातून पान काढून भगताच्या हातात दिलं. भगताला दिसलं काहीच नाही, पण त्यानं ते कपाळाला लावलं.

“नाव काय म्हनला?”

“वर्गान.”

“वरगोबा,” भगत म्हणाला. त्याला ते तसंच ऐकू आलं असं नव्हे. देवळात शिरणाऱ्या परक्या नावाला तो असंच सरळ करून घ्यायचा. “देव हाय का राक्षस?”

“पानावर लिवलेलं न्हाई, बाबा.”

“पडतो का?”

“तेबी लिवलेलं न्हाई.”

“हळद लागली. सोंग बसलं. मी काय करनार?” भगत सावळेरामकडं वळला. “कळंल तवा कळंल. तवर त्याला उभा ऱ्हाऊ दे.”

“आन् मी?” सावळेराम म्हणाला.

“तू मारीत जा.”

वाडीत वरगोबा आला तो असा. पुढच्या वर्षी खालच्या गावांतून लोक बघायला आले. त्याच्या पुढच्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यातून. खरासुराला बजावून ठेवलेलं होतं की ढोलवाला मान हलवील तेव्हा तू ये, कुणी पडायची वाट बघू नको. ठकूबाईची म्हैस रानात हरवली तेव्हा तिनं सगळ्या देवांना नवस बोलून झाल्यावर उरलेला एक नारळ वरगोबाला बोलला. म्हैस संध्याकाळी आपणहून आली. ती आपल्या पायानं आली असं बहिरूनं किती सांगितलं, पण ठकूबाई नारळ घेऊन दारात उभी. “तुमाला न्हाई, त्यांना,” ती म्हणाली आणि घमेल्यापुढं नारळ फोडून खोबरं सगळ्यांना वाटून गेली. पोरं भात खाईनाशी झाली की आया सांगायच्या, वरगोबा बघतोय, तिन्ही डोळ्यांनी.

बहिरूचं उरलेलं आयुष्य होतं तसंच होतं. पावसाळ्याआधी पालापाचोळा पसरून रोपांसाठी राब भाजायचा, पावसात भाताची आवणी, म्हणजे लावणी करायची, उन्हाळ्यात हिरडा वेचायचा. पडकईला जायचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून आज याच्या खाचराचा बांध घालायचा, उद्या त्याच्या. पडकईत सावळेराम आणि तो समोरासमोर दगड उचलायचे. सावळेरामच्या वर्षभराच्या शिव्या तिथं बाहेर यायच्या.

“ह्यो दगुड एकवेळ हलंल,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “पर आमचा भाऊ न्हाई हलायचा.”

“दादा, बांधाला असाच दगुड लागतो.”

“एकदा पड रं. एकदा. तुझं काय जातं? मी तुला माझी पेरायची पाभर देतो.”

“पाभर तर तू आसाबी देतो.”

हे हसण्यावारी जायचं, पण सावळेरामच्या मनात ते हसण्यावारी नव्हतं. तो वीर होता. त्याच्या बापानं आणि आज्यानं ज्या खांद्यावर तलवार टेकवली तो खांदा खाली गेला होता. त्याच्याच हातात असं काय नव्हतं? घोडेगावला एका लग्नात पाहुण्यांनी त्याची ओळख करून दिली, “हे सावळेराम. वरगोबा ज्यांच्यानं पडत न्हाई ते.” मंडपात लोक हसले, तोही हसला. घरी येऊन त्यानं मात्र तलवारीला नवा रंग दिला, जणू दोष रंगाचा असावा. रिंगणात उतरताना दरवर्षी तो थोडा आधी निघायचा, फेऱ्या थोड्या जास्त घ्यायचा, उडी थोडी उंच मारायचा. समोर हाताची घडी तशीच. गर्दी आता आधीपासूनच हसायला तयार होऊन यायची, आणि ती कुणाला हसते याबद्दल सावळेरामला शंका नव्हती.

मग गुडघा गेला. दोन हजार सात साली यात्रेआधी त्यानं देवळात सांगून टाकलं की ही आपली शेवटची. पुढच्या वर्षीपासून वीर सुनीलचा.

सुनील आता मंचरला मोबाइलच्या दुकानात कामाला होता. आठवड्यातून एकदा माल आणायला पुण्याला जायचा. तिथं फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असतात. त्या ढिगात एका मुखपृष्ठावर त्याला निळ्या कपड्यांतला, छाती फुगवलेला तो नायक दिसला. पान वाडीतल्या प्रत्येकानं इतक्या वेळा बघितलं होतं की नायकाची छातीसुद्धा ओळखीची झाली होती. सुनीलनं उभ्याउभ्या चाळलं. आत ते पान होतं. त्याच्या पुढचंही होतं. त्यानं पुढचं वाचलं नाही, पुस्तक पिशवीत टाकलं. बापाची शेवटची यात्रा, आणि आपल्या हातात निकाल. हे एसटीत बसून सावकाश वाचायचं असं त्यानं ठरवलं.

यात्रेच्या सकाळी तो फाट्यावर उतरून वर आला तेव्हा त्याचा चेहरा बघून कुणालाही कळलं असतं की त्यानं वाचलंय. पण कुणी बघितलं नाही. सगळे शाळेच्या खोलीत गोळा झाले होते. खरासुर आणि त्याची माणसं तिथं सजतात. बातमी आधीच पोचली होती, कारण सुनीलनं मंचरहून फोन करून ठेवला होता. सावळेरामही वीराचा मुखवटा हातात धरून, गुडघा चोळत बाकावर बसला होता. वीरानं शाळेत यायचं नसतं, पण गाठ बसली नव्हती तोवर तो सावळेरामच होता.

“वाच,” तो पोराला म्हणाला.

“प्रतिभाला वाचू दे. तिचं हिंदी चांगलं हाय,” सुनील म्हणाला आणि पुस्तक तिच्या हातात देऊन खिडकीकडं गेला.

प्रतिभा आता अकरा वर्षांची होती. तिनं घसा साफ केला. बहिरू भिंतीला टेकून उभा होता, अंगावर जाळी चढवलेली, घमेलं जमिनीवर. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि बघितलं असतं तर त्याचा हात खिशातल्या जुन्या पानावर गेलेला दिसला असता. इतकी वर्षं तो त्या चौथ्या चौकोनात राहिला होता. पुढचा चौकोन आपल्याला हवा की नको, हे त्याला अजून ठरवता येत नव्हतं.

“ह्ये आपलं पान,” प्रतिभा म्हणाली. “आता फुडचं. नायक मूठ मारतो.” तिनं पान उलटलं. “मूठ लागते. लई मोठा आवाज लिवलाय. आन्...”

“आन् काय?” सावळेराम उठून उभा राहिला.

“वर्गान उभाच हाय.”

प्रतिभानं बोट पुढच्या चौकोनावर नेलं.

“नायक परत मारतो. परत उभाच. मग वर्गान म्हनतो, ‘अब मैं चलूँ?’ म्हंजी, आता मी निघू का? आन् आभाळातल्या दारातून निघून जातो. नायकाचा मित्र इचारतो, ह्यो कोन व्हता? नायक म्हनतो, ‘पता नहीं. दूर से आया था.’”

“फुडं?”

“फुडं न्हाई काका. फुडं दुसऱ्यांशीच लडाई हाय. ह्यो परत येतच न्हाई.” तिनं शेवटपर्यंत पानं उलटून दाखवली. “कुनी त्याचं नावबी घेत न्हाई.”

मग खोली फुटली. खरासुरानं शिट्टी मारली. कुणी बहिरूच्या पाठीवर थापा घातल्या, जाळीनं हात ओरबाडले तरी घालत राहिले. “खरा निघाला राव!” “पुस्तकात बी पडला न्हाई!” “सावळेरामभाऊ, आज त्या निळ्यालाच संगं घ्या, दोघं मिळून मारा!” हौशीराम भगत आता पार थकला होता, दोघांनी धरून आणला होता. तो खुर्चीवरून म्हणाला, “मी म्हनलंच व्हतं, कळंल तवा कळंल.” आपण तेव्हा काय म्हणालो होतो हे त्यालाही नीट आठवत नसावं, पण तो खूश होता.

सावळेराम हसला नाही. रागावलाही नाही.

“पोरी, परत वाच,” तो म्हणाला.

तिनं परत वाचलं. तो मान हलवत ऐकत राहिला.

“म्हंजी त्याच्यानंबी न्हाई पडला.”

“न्हाई काका.”

“त्याचं बरंय. त्याला दरसाल मारावं न्हाई लागलं.” तो बहिरूकडं वळला. “तू बरोबर व्हतास, बहिऱ्या. आमच्या आज्यानं पाडला, बापानं पाडला. माझ्याच वाट्याला ह्यो आला.” आणि आता मात्र त्याला खरंच हसू आलं, छोटं, कोरडं. “लई लांबून आला, आन् नेमका माझ्याम्होरं उभा ऱ्हायला.”

तो मुखवटा घेऊन निघाला. दारातली पायरी उतरताना गुडघ्यानं दगा दिला, सुनील धावला, त्यानं सुनीलचा हात झटकला आणि रिंगण ओलांडून एकटाच देवळाकडं गेला. गर्दी जमायला लागली होती. त्याला बघून दोघातिघांनी आत्ताच हसून घेतलं.

बहिरू खिडकीतून त्याच्याकडं बघत होता. पलीकडं देवळाच्या सावलीत सावळेराम बसला, गुडघ्याला फडकं बांधलं, उठून एक उडी मारून बघितली, भिंतीला धरलं, आणि दुसरी मारून बघितली.

खोली रिकामी व्हायला लागली. हौशीरामनं खुर्चीवरूनच शाळेतल्या सोंगांना हळद लावली. बहिरूच्या घमेल्यावर तुऱ्याखाली पिवळं बोट ओढलं. मग देवळाकडच्या सोंगांसाठी त्याला उचलून नेलं. आत बहिरूजवळ फक्त कोंडाबाई आणि प्रतिभा उरल्या.

बहिरूनं कोपऱ्यातली युरियाची रिकामी गोणी उचलली. तिची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि कोंडाबाईकडं पाठ करून ती जाळीच्या आत, खांद्यांच्या मध्ये सरकवायला लागला. तारेची कापलेली टोकं सगळी पाठीकडं होती.

“पाठीला कशाला?” कोंडाबाई म्हणाली. “उभंच तर ऱ्हायचं...”

ती थांबली. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं, मग नवऱ्याकडं. गोणी त्याच्या हातातून घेतली, सपाट केली, नीट आत बसवली. स्वतःच्या डोक्यावरचं जुनं फडकं काढून त्याची एक घडी कोपराखाली बांधली.

“देवळाच्या अंगाला दगडं हायेत,” ती हळू आवाजात म्हणाली. “हिकडच्या अंगाला माती मऊ हाय. फिरवून घ्या त्यांना.”

“पर आबा,” प्रतिभाच्या हातात अजून पुस्तक होतं, “यात तर तो...”

“गप,” कोंडाबाई म्हणाली. “बापाला गाठ मार.”

बहिरूनं खाली बसून घमेलं डोक्यावर घेतलं. प्रतिभानं पुस्तक बाकावर ठेवलं, मागून दोरी ओढली आणि गाठ मारली, घट्ट, मग तिच्यावर दुसरी. बाहेर ढोलावर पहिली थाप पडली आणि देवळाकडून आरोळी उठली. वीर निघाला होता.

बहिरू उठला. तुरा चौकटीला लागू नये म्हणून दारात जरा वाकला, आणि उन्हात निघून गेला.